शेवटच्या पंगतीतला मॅग्नेशियम

धारपीपळा,
चैत्र शुद्ध एकादशी

आदरणीय व्याही श्री. त्रिकमभाई यांना ओधवजी जीवराज भावसार याचे हात जोडून जय श्रीकृष्ण. व्याहीणबाई रळियातबेन यांनाही आमच्या घरातल्या लहानथोरांचा नमस्कार पोचवावा. तुमची तब्येत कशी आहे? मागच्या खेपेला खोकला होता तो गेला असेल तर उत्तमच, गेला नसेल तर हळदीच्या भरवशावर राहू नका, कारण आमच्या शेजारचे वीरचंदभाई हळदीच्याच भरवशावर राहिले होते. (आता त्यांचं दुकान त्यांचा पुतण्या चालवतो.) इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे माझं पित्त, उजव्या कानातला आवाज आणि डाव्या तळपायाला येणाऱ्या मुंग्या एवढं सोडलं तर ठीक आहे. चिरंजीव जयंतीचं मस्कतहून पत्र आलं. तिकडे उकाडा आहे, एवढंच त्यात आहे.

तुमचं कार्ड गुरुवारी मिळालं. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे ते आधी पोस्टमन रतिलालने वाचलं आणि 'काका, बसून वाचा' असं सांगून माझ्या हातात दिलं. मी उभ्याने वाचायला लागलो आणि मग बसलो. तुम्ही लिहिता की जामनगरात तुमच्या कानावर आलं, आपल्या तोरलने बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या तोंडावर स्वतःच्या आजोबांचं बिंग फोडलं. जी मुलगी घरच्या म्हाताऱ्याला सांभाळून घेत नाही ती सासरी काय दिवे लावणार. म्हणून शिक्षण पुरे, राजकोटच्या बेअरिंगच्या दुकानवाल्यांना होकार कळवतो, वैशाखातला मुहूर्त धरू. दिवाळीत आपलं वेगळं ठरलं होतं, त्रिकमभाई. रसायनात चांगली पास झाली तर कॉलेज, नाहीतर लग्न, असं तुम्हीच माझ्या ओटीवर बसून म्हणाला होता. अजून निकाल लागायचा आहे. पण मी वाद घालत नाही. जयंती परदेशात, घरात शब्द चालतो तो सूनबाई वसुमतीचा, आणि वसुमतीवर चालतो तो तुमचा, तिच्या वडिलांचा. तेव्हा तोरलचं काय करायचं ते तुमच्याच हातात आहे. मी काही मागायला हे पत्र लिहीत नाही. काय घडलं ते फक्त सांगतो, कारण ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही आणि मला रात्रंदिवस तेच आठवतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी एकतीस वर्षं इथल्या विनयमंदिर हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई आहे. शिक्षण सातवी. (सातवीच्या परीक्षेलाही गणिताच्या दिवशी मला ताप होता.) पण आपण रंगाऱ्यांच्या घरातली माणसं. तुरटी, हिराकस, मोरचूद, नवसागर हे मी पाळण्यातून उतरल्यापासून हाताळतोय. शाळेत आलो तेव्हा तेच सगळे बाटल्यांत बसलेले दिसले, फक्त नावं बदलली होती, जशी आपल्या मुलींची काही घरांत लग्नानंतर बदलतात. चिमूट बोटांत चोळली किंवा जिभेच्या टोकाला लावली की मी ओळखत असे. बोटं कधी चुकली नाहीत.

आता गेल्या जूनमध्ये रसायनाचे भानुशंकरसर निवृत्त झाले. त्यांच्या जागी 'माणूस येतोय' असं आमचे आचार्य जोबनपुत्रासाहेब जुलैत म्हणाले, नवरात्रीत म्हणाले, उत्तरायणाला पतंग उडवतानाही म्हणाले. माणूस काही आला नाही. बारावीच्या रसायनाच्या तासाला कवायतीचे मास्तर जाऊन बसू लागले. ते मुलांना पाठ ताठ ठेवायला सांगत आणि स्वतः झोपत. शेवटी साहेबांनी मला बोलावलं. 'ओधवजी, तुम्ही तीस वर्षं दाराशी उभं राहून ऐकताय. पोरांचा जरा हात चालवून घ्या.' मी म्हटलं, 'साहेब, मी सातवी.' तर म्हणाले, 'मी कुठे शिकवा म्हणतोय? शिकवू नका. नुसतं सांगा.' आणि हजेरीपटावर रसायनाचे शिक्षक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. साहेब इतिहासाचे पदवीधर आहेत.

तेव्हापासून माझी झोप गेली. एकोणीस पोरं माझ्याकडे बघत बसायची. हाताचं मला येत होतं, पण का होतं ते येत नव्हतं, आणि आजकालची पोरं 'का' विचारतात. म्हणून आमची तोरल मला शिकवायला लागली. दुपारी रोटला-छास झाली की ती पुस्तक घेऊन समोर बसायची आणि मी विद्यार्थी. 'दादाजी, अणू डोळ्यांना दिसत नाही.' मी विचारलं, 'मग पुस्तकात चित्र कुणी काढलं?' म्हणाली, 'विचार करून काढलं.' मी म्हटलं, 'आमच्या सातवीत न बघता काढलेल्या चित्राला मार्क नव्हते.' तिने कपाळाला हात लावला. (तिच्या आजीची लकब आहे.) तर अशी ती मला दुपारी शिकवायची आणि तेच मी दुसऱ्या दिवशी तिला आणि बाकीच्या अठरांना शिकवायचो. मी चुकलो की ती वर्गात काही बोलायची नाही, नुसती पेन्सिल खाली ठेवायची. मग मी ते वाक्य परत घ्यायचो. त्या शिकवण्यातच मला कळलं की एकतीस वर्षं मी जे जिभेला लावत आलो त्यातलं निम्मं विष होतं. पित्त तेव्हापासूनच वाढलं असा माझा संशय आहे. वैद्य म्हणतात वयामुळे. वैद्यांना बेरियम माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट, क्षार ओळखणं. परीक्षेत प्रत्येकाला एक पांढरी पुडी देतात आणि तीन तासांत त्यात काय आहे ते शोधायचं. पुस्तकात सहा गट दिलेले आहेत, एकामागून एक रसायनं घालायची आणि कोण खाली बसतं ते बघायचं. पोरांच्या डोक्यात ते राहीना. तेव्हा मी त्यांना लग्नाच्या पंगती सांगितल्या. मिठाचं आम्ल वाढलं की पहिल्या पंगतीला शिसं बसतं, तो म्हातारा, त्याला उभं राहवत नाही. सडक्या अंड्याचा वायू आला की दुसऱ्या पंगतीला तांबं. तिसरीत लोखंड आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम. चौथीत पुन्हा तोच वायू, आणि जस्त. पाचवीत चुना, बेरियम, स्ट्रॉन्शियम ही मंडळी. आणि ज्याला कुणी विचारलंच नाही, सगळ्या पंगती उठल्या तरी जो मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो, तो मॅग्नेशियम. गरीब नातेवाईक. (अमोनियम वेगळा. तो आमंत्रणाआधीच येतो आणि वासावरून कळतो. तुमच्याकडच्या एका गृहस्थांची मला आठवण होते, नाव लिहीत नाही.) पोरं हसली, पण विसरली नाहीत. त्या वायूचा वास मात्र शेजारच्या हवेलीच्या देवळात ठाकोरजींच्या राजभोगाच्या वेळी पोचला आणि मुखियाजी स्वतः पूजा सोडून येऊन मला बोलले. तेव्हापासून दुसरी आणि चौथी पंगत आम्ही देवाला पहुडवल्यावर घेतो.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येक शाळेत शिपाई खुणा करतो. तुम्ही व्यापारी माणसं, तुमच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो ना, तसंच हे. पुड्या मीच बांधतो, कुठल्या आकड्यात काय ते मलाच ठाऊक. मी पाण्याची बाटली घेऊन टेबलांमधून फिरतो. कानाला हात लावला तर शिसं, नाकाला अमोनियम, टोपीला बेरियम, सदऱ्याच्या बटणाला जस्त, मनगटाला तांबं, हनुवटीला चुना. माझ्या आधी कानजी होता, त्याच्यापासून हे चालत आलंय. मॅग्नेशियमला खूण नाही, कारण ते शोधायला पूर्ण तीन तास लागतात म्हणून कानजीने ते कधी पुडीत घातलंच नाही आणि मीही नाही. गावात तीन पिढ्यांना या खुणा पाठ आहेत. बाजारात मी नाक खाजवलं तर चार दुकानदार 'अमोनियम' म्हणतात. यात मी काही पाप करतो असं मला कधी वाटलं नाही. पोरांची वर्षं वाचत होती. पण या वर्षी तोरल त्या एकोणिसांत होती. परीक्षेच्या सकाळी ती भाखरी खाता खाता म्हणाली, 'दादाजी, माझ्या टेबलाजवळ पाणी द्यायला या, पण हात खिशात ठेवून या.' मी वचन दिलं. इतरांना देईन, तिला खूण देणार नाही असं ठरलं, आणि मी ते पाळलं.

परीक्षक म्हणून आल्या मालविकाबेन वैष्णव, तुमच्याच जामनगरच्या. वय तिशीचं, चष्मा, पिशवी खांद्याला. साहेबांनी रिवाजाप्रमाणे गाठिया, तळलेल्या मिरच्या, जिलेबी असा थाट मांडला होता. बाईंनी सांगितलं, 'माझा उपास आहे.' साहेब म्हणाले, 'मग साबुदाणा मागवतो.' बाई म्हणाल्या, 'पाणीसुद्धा नाही.' आपल्याकडे परीक्षक काहीच खात नाही म्हटलं की शिपायाने समजावं, आज काही खरं नाही. मग त्यांनी माझ्या एकोणीस पुड्या मागितल्या, तबकासकट कपाटात ठेवल्या, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. डब्यात त्यांच्या स्वतःच्या पुड्या.

त्रिकमभाई, मी त्या वेळी दाराला टेकलो. आता कुणाच्या पुडीत काय ते मला ठाऊक नाही, आणि पोरं माझ्याकडे बघतायत. खुणा रद्द, अशी काही खूण कानजीने ठेवलेली नव्हती. मी मान हलवली, तर पोरं वाट बघत राहिली. मला घाम फुटला, टोपीखाली खाजू लागलं, मी टोपी सरकवली. तिघांनी बेरियम लिहिलं. उजव्या कानातला आवाज सुरू झाला, मी कानात बोट घातलं, चौघांनी शिसं. माझा स्वभाव तुम्ही जाणता, काळजी वाटली की माझे हात थांबत नाहीत. शेवटी काही सुचेना म्हणून मी सगळ्यांना हात जोडले, की बाबांनो, माफ करा. दोघांनी स्ट्रॉन्शियम लिहिलं, कारण खूण नसलेलं तेवढंच एक नाव त्यांना आठवलं. पाऊण तासात अठरा पोरांची उत्तरं लिहून तयार, आणि मग पोरं उत्तरावरून उलट चाचण्या भरायला लागली. तोरल एकटी खाली मान घालून परीक्षानळी हलवत होती.

बाई माझ्याजवळ आल्या. 'काका, अंगावर काही उठलंय का?' मी म्हटलं, 'नाही बेन, स्वभाव आहे.' त्या म्हणाल्या, 'मग त्या स्टुलावर बसा आणि हात गुडघ्यांवर ठेवा.' मी साठीला टेकलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखा हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. मग बाईंनी सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारली आणि मुलांना एवढंच सांगितलं, 'उत्तरं खोडा. तुमच्याजवळ दोन तास आहेत. आता ओळखा.' रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग, खोटं वाटेल, पण खोलीत कुजबुज सुरू झाली. आधी वाटलं कॉपी करतायत. नीट ऐकलं तर पोरं पंगती म्हणत होती. 'म्हातारा बसला का? नाही बसला. मग अंड्याचा वायू आण.' 'चौथीत कुणी नाही रे.' 'पाचवीला वाढ.' मी गुडघ्यांवरचे हात घट्ट दाबून धरले. अठरांतल्या अकरांना बरोबर आलं. सात जणांना नाही. त्या सातांची आठवण मला जेवताना येते. त्यांना कमी शिकवलं असं नाही, पण खूण मिळणार हे ठाऊक असल्यावर कोण मनापासून शिकतं, आणि ते त्यांना ठाऊक करून देणारा मीच.

तोरलचं सर्वांत शेवटी झालं. तिने लिहिलं, मॅग्नेशियम. बाईंनी डब्यातला कागद बघितला आणि म्हणाल्या, 'बरोबर. हा क्षार मी दहा शाळांत नेला, पूर्ण चाचण्या करून शोधणारी तू दुसरी. कोण शिकवतं तुम्हाला?' साहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी घसा साफ केला. तोरलने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, 'हे शिकवतात. माझे दादाजी.' साहेब हसून म्हणाले, 'विनोदी मुलगी आहे, तो आमचा शिपाई.' बाई माझ्याकडे वळल्या. 'काका, दुसऱ्या गटाचा वायू सोडण्याआधी आम्ल का घालायचं?' मी स्टुलावरूनच सांगितलं, 'बेन, आम्ल दारात उभं असलं की चौथ्या पंगतीतले आत घुसत नाहीत. ते नसलं तर जस्त दुसऱ्याच पंगतीत पाट ओढून बसतं, आणि मग खऱ्या पंगतीला तुम्ही शोधत बसा.' बाईंनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. परीक्षेच्या कागदावर नाही, स्वतःच्या वहीत. मी बघितलं.

बिंग फोडलं ते एवढंच, त्रिकमभाई. खुणांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. शिकवतं कोण एवढं विचारलं आणि तिने खरं सांगितलं. आयुष्यात मला कुणी चारचौघांत मास्तर म्हटलं नव्हतं. त्याचा परिणाम म्हणून साहेब माझ्याशी बोलत नाहीत, आणि 'कुणाच्या परवानगीने रसायन शिकवलंत' याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागितला आहे. निवृत्तीला चार महिने राहिलेत. मी लिहून दिलं, 'शिकवलं नाही, नुसतं सांगितलं.' ते त्यांचेच शब्द असल्याने पुढे काय करायचं ते त्यांना अजून सुचलेलं नाही. माझं जे व्हायचं ते होवो. दमलो आहे मी. पण मुलीने म्हाताऱ्याला उघडं पाडलं असं तुमच्या बाजारात कुणी म्हणत असेल तर तेवढं पुसून टाका. पुढचं तुम्ही आणि वसुमती ठरवाल ते. तुम्ही वडील आहात, मी त्यात पडणार नाही.

मुलांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. हस्ताक्षर थरथरीत आहे, समजून घ्यावं.

तुमचा लोभाचा,
ओधवजी

ता. क. – वर लिहिलं आहे की तोरलला मी खूण केली नाही. तुम्हाला खोटं लिहून चालायचं नाही. खूण केली. पाणी द्यायला गेलो तेव्हा तिच्या टेबलावर सांडलेली चिमूट मी बोटांत चोळली होती आणि माझी खात्री झाली की हे जस्त. मग स्टुलावर बसल्यावर मला राहवेना. बाईंची पाठ फिरली तेव्हा मी गुडघ्यावरचा हात उचलून बटणाला लावला. दोनदा. तिने बघितलं. माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली. मग पाचवी पंगत वाढली, मग शेवटची. तिने माझं ऐकलं असतं तर तीही चुकली असती. बोटं चुकत नाहीत असं मी लिहिलंय, तेही खोडून वाचा.

आणखी एक ता. क. – मालविकाबेन जाताना म्हणाल्या की मुलीचा हात चांगला आहे पण पुस्तकातलं बरंच राहून गेलंय (ते कुणामुळे ते बोलल्या नाहीत), उन्हाळ्यात जामनगरला पाठवा, मी घरी बसवून शिकवीन, जूनमध्ये कॉलेजात घालू. त्यांचं घर तुमच्या घरापासून तिसरी गल्ली आहे, मी पत्ता बघितला. तेव्हा तोरलला तुमच्याकडे ठेवून घ्या. आधी उन्हाळाभर. पुढचं पुढे बघू. म्हणजे मी तीन वर्षं म्हणतोय. मुलगी तुम्हाला जड नाही, स्वयंपाकात तिचा हात चालतो, आणि तुमच्या कापडाच्या रंगखान्यात लाल रंग मधेच का फाटतो, डाग का पडतात ते ती तुम्हाला सांगेल. मी काही मागत नाही असं लिहिलं होतं. ते लिहिलं तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

शेवटचा ता. क. – हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही, रतिलाल वाचतो. हे तुमच्या हातात तोरलनेच दिलं आहे. ती वाचणार नाही असं तिने कबूल केलंय, तरी मॅग्नेशियमचं स्पेलिंग तिने खोडून नीट केलेलं दिसेल. वसुमतीला वाटतंय की ती मुहूर्ताची बांधणीची साडी पसंत करायला तुमच्याकडे आली आहे. ट्रंकेत कपडे दोनच जोड आहेत, बाकी पुस्तकं, त्यामुळे उचलायला दोन माणसं लागतील. तिला बस म्हटल्याशिवाय ती बसत नाही, आणि हे पत्र लांबलं आहे. ती अजून दारातच उभी असेल. आधी तिला आत घ्या, मग रागवा.